द्रवातील प्लाझ्मा : विजेच्या बळावर रसायन

बी.एस्सी.च्या रसायनशास्त्रात कलिलांच्या धड्यात एक आकृती हमखास असते. बर्फात ठेवलेले भांडे, भांड्यात किंचित अल्कली घातलेले पाणी, पाण्याखाली समोरासमोर आणलेल्या सोन्याच्या दोन तारा आणि तारांच्या टोकांमधली ठिणगी. ही ब्रेडिगची आर्क पद्धत. गेऑर्ग ब्रेडिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ती १८९८ साली मांडली, आणि तेव्हापासून विद्यार्थी तिचे ठरावीक उत्तर लिहीत आले आहेत: ठिणगीच्या उष्णतेने धातूची वाफ होते, वाफ पाण्यात थिजते आणि सोन्याचे कलिल तयार होते. उत्तर चूक नाही, पण अर्धे आहे. सगळ्यांचे लक्ष सोन्याकडे असते. त्या ठिणगीत पाण्याचे काय झाले, हे परीक्षेत कोणी विचारत नाही. खरे तर त्या क्षणी पाण्याचे रेणूही फुटलेले असतात. हायड्रोजन सुटलेला असतो, हायड्रॉक्सिल मूलके जन्माला येऊन विझलेली असतात आणि थोडेसे हायड्रोजन पेरॉक्साइड मागे राहिलेले असते. हे पुस्तक त्या पाण्याविषयी आहे.

विषयाचे नाव जड वाटेल, पण कल्पना साधी आहे. द्रवात, द्रवाच्या पृष्ठभागावर किंवा द्रवातल्या बुडबुड्यात विजेचा डिस्चार्ज घडवायचा आणि त्यातून निघणारे इलेक्ट्रॉन, आयन व मूलके यांच्याकडून रासायनिक काम करून घ्यायचे. एरवी रसायनशाळेत क्षपण करायचे तर सोडियम बोरोहायड्राइडसारखे क्षपणक आणावे लागते, ऑक्सिडीकरण करायचे तर परमँगनेट किंवा क्लोरीन. काम झाल्यावर त्यांचे अवशेष उरतात आणि ते कुठेतरी टाकावे लागतात. इथे अभिक्रियाकारक बाटलीतून येत नाही. तो तारेतून येतो आणि वापरून संपतो. पॉल अनास्टास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची जी बारा तत्त्वे मांडली, त्यांतल्या कित्येक तत्त्वांशी हे जुळते. सौर वीज स्वस्त झाल्यावर तर ही वाट अधिकच मोहक दिसू लागली. मोह का पडतो आणि तो कुठे आवरावा, दोन्ही नीट समजून घ्यायला हवे, आणि मराठीत ते एकत्र सांगणारे पुस्तक हाताशी नसल्याने हा खटाटोप.

आधी प्लाझ्मा म्हणजे काय ते पाहू. वायूतले काही रेणू इलेक्ट्रॉन गमावून आयन बनले आणि मोकळे इलेक्ट्रॉन त्यांच्यासोबत वावरू लागले की त्या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. हे नाव अर्व्हिंग लँगम्युअरने १९२८ मध्ये दिले. प्लाझ्मा म्हटले की सूर्याचे तापमान डोळ्यांपुढे येते, पण रसायनाला उपयोगी पडणारा प्लाझ्मा बहुधा ‘थंड’ असतो. त्यातले इलेक्ट्रॉन अत्यंत तापलेले असतात. एक इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे सुमारे ११,६०० केल्विन, आणि इथल्या इलेक्ट्रॉनांची सरासरी ऊर्जा एक ते काही इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. जड रेणू मात्र खोलीच्या तापमानापेक्षा थोडेच वर असतात. दिवाळीतल्या फुलबाजीच्या ठिणग्या हातावर पडल्या तरी भाजत नाहीत, कारण तापमान प्रचंड असले तरी वस्तुमान नगण्य असते. थंड प्लाझ्मातले इलेक्ट्रॉन तसेच. पाण्यातला ओ-एच बंध तोडायला सुमारे ५.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. सगळे पाणी न तापवता तेवढी ऊर्जा नेमकी त्या बंधापर्यंत पोहोचवणे, हे या शास्त्राचे सगळे कसब.

ते कसब किती नाजूक आहे हे एका प्रयोगात दिसते. सोडियम सल्फेटच्या द्रावणात एक मोठा इलेक्ट्रोड खोल बुडवा आणि दुसरी बारीक प्लॅटिनमची तार पृष्ठभागाला जेमतेम टेकवून तिला धनाग्र करा. व्होल्टेज हळूहळू वाढवत जा. सुरुवातीला नेहमीचे विद्युत अपघटन दिसते: बुडबुडे येतात, व्होल्टेज वाढेल तसा प्रवाह वाढतो. शंभरच्या वर गेल्यावर तारेभोवती पाणी उकळू लागते, फुसफुस ऐकू येते, अमीटरचा काटा थरथरतो. मग एका टप्प्यावर प्रवाह वाढण्याऐवजी एकदम कोसळतो. तारेभोवती वाफेचे आवरण तयार झालेले असते आणि धातूचा द्रवाशी थेट संबंध तुटलेला असतो. व्होल्टेज चारशेच्या आसपास गेले की त्या आवरणात झळाळी पेटते आणि स्थिरावते. आता विजेचा मार्ग धातूतून प्लाझ्मात आणि प्लाझ्मातून द्रवात असा आहे. इलेक्ट्रोडचा एक भाग वायूचा झाला आहे, आणि याच बदलाने सगळे रसायन पालटते.

कसे, ते लिव्हरपूल विद्यापीठातल्या आर्ची हिकलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात नीट मोजले. फॅरडेच्या नियमाप्रमाणे ठरावीक विद्युतभारातून ठरावीकच पदार्थ मिळायला हवा. झळाळीच्या इलेक्ट्रोडवर मात्र त्याच्या कित्येक पट पदार्थ मिळत होता. फॅरडेचा नियम मोडला नव्हता. त्याच्या शेजारी दुसरी प्रक्रिया उभी राहिली होती. वाफेच्या आवरणातून वेग घेऊन येणारा एकेक आयन द्रवावर आदळताना पाण्याचे अनेक रेणू फोडतो, अगदी किरणोत्सारी प्रारणाने फोडावेत तसे. आपल्याकडे बनारस हिंदू विद्यापीठात सुशांत सेनगुप्ता यांनी या झळाळी-अपघटनावर दीर्घकाळ काम केले. या क्षेत्राच्या इंग्रजी आढाव्यांत त्यांचे नाव आदराने येते. मराठी वाचकांनाही ते माहीत असावे.

प्रारणाशी असलेले हे नाते मला या सगळ्या विषयाची गुरुकिल्ली वाटते. पाण्यावर प्रारणाचा मारा केला की काय होते, याचा अभ्यास अणुयुगात फार खोलवर झाला. पाण्यात मोकळा पण पाण्याच्या रेणूंनी वेढलेला इलेक्ट्रॉन असतो, हे १९६२ मध्ये एडविन हार्ट आणि जॅक बोग यांनी वर्णपटाने सिद्ध केले. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही रेषीय त्वरकाच्या साह्याने पल्स रेडिओलिसिसचे मोठे काम झाले. अशा इलेक्ट्रॉनाचे प्रमाण विभव उणे २.९ व्होल्टच्या आसपास, म्हणजे तो सोडियमच्या तोडीचा क्षपणक. दुसऱ्या टोकाला हायड्रॉक्सिल मूलक, अधिक २.८ व्होल्टच्या जवळ, ओझोनपेक्षा बलवान. एकाच पेल्यात इतका जहाल क्षपणक आणि इतका जहाल ऑक्सिडीकारक एकाच वेळी जन्माला येतात. दोघे एकमेकांना गाठून नाहीसे होण्याआधी आपल्या कामाचा रेणू त्यांच्या वाटेत आणून ठेवता आला तर रसायन साधले. नाहीतर पाणी फुटते, पुन्हा पाणी होते आणि आपण वीज जाळून पाणी तापवत बसतो.

इतिहासाची सुरुवात मात्र द्रवातून नव्हे, हवेतून झाली. हेन्री कॅव्हेंडिशने १७८५ मध्ये बंद नळीतल्या हवेत ठिणग्या पाडून, तयार झालेली आम्ले अल्कलीच्या द्रावणात शोषून घेऊन सोरा बनवला. शेवटी एक चिमुकला बुडबुडा काही केल्या शिल्लक राहिला, हेही त्याने प्रामाणिकपणे नोंदवले. शंभरहून अधिक वर्षांनी, १८९४ मध्ये, रॅली आणि रॅमसे यांनी तो अरगॉन असल्याचे दाखवले. कॅव्हेंडिशच्या या प्रयोगात आजच्या विषयाचे तीनही घटक आहेत: डिस्चार्ज, वायू आणि द्रव. निसर्ग हे काम रोज करतो. आकाशातल्या विजांमुळे जगभरात वर्षाला साधारण ५० लाख टन नायट्रोजन स्थिर होतो असा अंदाज आहे.

नॉर्वेत या प्रयोगाचा कारखाना झाला. क्रिस्तियान बिर्केलांड हा ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यासक. विद्युतचुंबकीय तोफेच्या १९०३ मधल्या एका जाहीर प्रात्यक्षिकात त्याच्या यंत्रात प्रचंड आर्क पेटला. त्याच सुमारास अभियंता साम आयडे नायट्रोजन खतासाठी हवेत ठिणगी हवी म्हणून शोधात होता. दोघांनी मिळून चुंबकीय क्षेत्राने आर्क पसरवून थाळीसारखी ज्वाला केली, तिच्यातून हवा नेली आणि निघालेले नायट्रोजनचे ऑक्साइड ग्रॅनाइटच्या उंच मनोऱ्यांत पाण्याने शोषून घेतले. १९०५ मध्ये नोटोडेनला उत्पादन सुरू झाले, नंतर रयुकानला मोठा कारखाना उभा राहिला, आणि ‘नॉर्वेचा सोरा’ म्हणून कॅल्शियम नायट्रेट शेतांत जाऊ लागले. ज्वालेतून बाहेर पडणाऱ्या हवेत नायट्रिक ऑक्साइड जेमतेम एक-दोन टक्के असे. एक टन नायट्रिक आम्लाला सुमारे १५,००० युनिट वीज लागे. धबधब्यांची वीज मुबलक होती म्हणून हे परवडले. १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला हाबर-बॉश पद्धत उभी राहिली, आणि पुढे विजेची ही पद्धत मागे पडली.

या कहाणीवर मी मुद्दाम रेंगाळलो. आज प्लाझ्माने खत बनवण्याच्या बातम्या वाचताना ‘नवी क्रांती’ असे शब्द येतात. ही क्रांती एकदा होऊन गेली आहे, कारखान्याच्या प्रमाणावर झाली आहे आणि ती हरली ती केवळ विजेच्या हिशोबात. रयुकान आणि नोटोडेनचा तो परिसर २०१५ पासून जागतिक वारसास्थळ आहे. आजच्या प्रत्येक संशोधकाने आपले आकडे आधी त्या १५,००० युनिटांशेजारी आणि मग हाबर-बॉशच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहावेत.

द्रवाच्या बाजूने इतिहास वेगवेगळ्या ओढ्यांनी आला आणि हे ओढे फार उशिरा एकत्र मिळाले. गुबकिनने १८८७ मध्ये चांदीच्या नायट्रेटच्या द्रावणावर वायूतून डिस्चार्ज पाडून पृष्ठभागावर चांदी साठवली. हिकलिंगपर्यंत पोहोचणारा प्रवाह इथून निघतो. सोव्हिएत संघात लेव युटकिनने पाण्याखालच्या ठिणगीतून उठणाऱ्या धक्क्याच्या लाटांनी दगड फोडले, धातूचे पत्रे साच्यात बसवले. त्याला रसायनापेक्षा यांत्रिक बळ हवे होते. उच्च व्होल्टेजच्या अभियंत्यांना तर पाण्यात ठिणगी पडूच नये असे वाटे, कारण ते पाणी विद्युतरोधक म्हणून वापरत. १९८७ मध्ये क्लेमेंट्स, सातो आणि डेव्हिस यांनी फ्लोरिडात पाण्यातल्या पल्स डिस्चार्जने होणारे रासायनिक बदल तपासले, आणि तिथून पाणी शुद्ध करण्याच्या प्रवाहाला बळ आले. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातले ब्रूस लॉक आणि प्रागच्या प्लाझ्मा भौतिकी संस्थेतले पावेल शुन्का व पेत्र लुकेश यांनी तो पुढे नेला. जपानमध्ये नागोयाचे ओसामु ताकाई आणि नागाहिरो सैतो यांनी ‘सोल्युशन प्लाझ्मा’ या नावाने नॅनोकण आणि कार्बन बनवण्याची स्वतंत्र परंपरा उभी केली. एहिमे विद्यापीठात शिनफुकु नोमुरा आणि हिरोमिची तोयोता यांनी मायक्रोवेव्हने द्रवात प्लाझ्मा पेटवून टाकाऊ तेलांतून हायड्रोजन काढला.

या प्रवाहांत एक जुना वाद आहे आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. पाणी वायूच्या हजारपट दाट. त्यात इलेक्ट्रॉन वेग घ्यायच्या आतच कोणावर तरी आदळतो. मग पाण्यात डिस्चार्ज सुरू होतोच कसा? एक पक्ष म्हणतो, आधी टोकाशी पाणी तापून बुडबुडा किंवा विरळ जागा तयार होते आणि वीज तिच्यात पेटते. दुसरा पक्ष म्हणतो, सेंटिमीटरला दशलक्ष व्होल्टच्या घरातले क्षेत्र पुरेसे कमी वेळात दिले तर बुडबुड्याची वाट न पाहता द्रव थेट आयनीभूत होतो. मायक्रोसेकंदाच्या पल्समध्ये पहिल्या पक्षाचे पारडे जड आहे. नॅनोसेकंदाच्या पल्समध्ये पुरावे दुसऱ्या बाजूनेही बोलतात. पुस्तकात दोन्ही बाजू मांडल्या आहेत. रसायनाच्या विद्यार्थ्याने या वादाकडे भौतिकीची भानगड म्हणून पाठ फिरवू नये, कारण बुडबुडा असेल तर मूलके बुडबुड्याच्या भिंतीवर जन्मतात आणि नसेल तर द्रवाच्या पोटात, आणि अभिक्रिया त्यावर ठरते.

सीमेवरचा हा थर किती पातळ आहे? नॉत्र दाम विद्यापीठातले डेव्हिड गो आणि केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातले मोहन शंकरन यांच्या गटांनी २०१५ मध्ये द्रवावर पेटलेल्या प्लाझ्मातून पाण्यात शिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांना लेझरने प्रत्यक्ष पकडले. ते सुमारे २.५ नॅनोमीटर खोल जात होते. म्हणजे पाण्याच्या दहाएक रेणूंची जाडी. त्याखालचे सगळे भांडे तसे कोरडेच. हा आकडा वाचल्यावर या क्षेत्रातल्या अनेक कोड्यांची उकल झाली. काही रेणू प्लाझ्माखाली झटपट का तुटतात आणि काही तासन्‌तास का टिकून राहतात, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते: पहिले पृष्ठभागावर बसतात, दुसरे खाली बुडी मारून राहतात.

पीफास हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. न चिकटणारी भांडी, अग्निशामक फेस, पाणी न धरणारे कपडे यांतून आलेली ही फ्लोरीनयुक्त संयुगे. कार्बन-फ्लोरीन बंध सुमारे ४८५ किलोज्यूल प्रति मोल इतका घट्ट असल्याने निसर्गात ती जवळजवळ मोडतच नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये त्यांतल्या दोन प्रमुख संयुगांना पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. हायड्रॉक्सिल मूलकही यांच्यापुढे हतबल ठरतो. क्लार्कसन विद्यापीठातल्या सेल्मा मेदेदोविच थागार्ड यांनी तोडगा काढला तो या संयुगांच्याच स्वभावातून. ती साबणासारखी असतात, त्यांना पृष्ठभाग आवडतो. तळातून अरगॉनचे बुडबुडे सोडले की ती बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि वर पृष्ठभागावर प्लाझ्मा त्यांची वाटच पाहत असतो. तिथले इलेक्ट्रॉन आणि अरगॉनचे आयन साखळी तोडतात. २०१९ मध्ये ओहायोतल्या राइट-पॅटरसन हवाई दलाच्या तळावर दूषित भूजलावर या यंत्राची प्रत्यक्ष चाचणी झाली. लांब साखळ्या लवकर तुटल्या. आखूड साखळ्या पृष्ठभागाला तितक्या चिकटत नाहीत, म्हणून त्या अवघड गेल्या. माझ्या मते प्लाझ्मा-द्रव तंत्राचे सध्याचे सर्वांत पक्के औद्योगिक भवितव्य इथे आहे. जिथे इतर पद्धती हात टेकतात आणि प्रदूषक स्वतः सीमेवर चालत येतो, तिथे महाग वीजही परवडते.

रंगांच्या सांडपाण्याबद्दल मी तेवढ्या खात्रीने बोलणार नाही. आपल्या महाविद्यालयांत या विषयाचा प्रवेश बहुधा मिथिलीन ब्ल्यू किंवा मिथिल ऑरेंजच्या पेल्यातून होतो. रंगीत पाणी दहा-पंधरा मिनिटांत रंगहीन होते, आलेख सुंदर येतो, शोधनिबंध तयार होतो. इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसच्या पाण्याचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात असतोच. पण रंग जाणे म्हणजे रेणू संपणे नव्हे. मिथिल ऑरेंजमधला अॅझो बंध तुटला की रंग गेला. त्याच्या दोन बाजूंची बेंझिन वलये पाण्यात तशीच असू शकतात, कधी मूळ रंगापेक्षा विषारी रूपात. एकूण सेंद्रिय कार्बन किती घटला हे मोजल्याशिवाय ‘शुद्ध झाले’ म्हणता येत नाही. शिवाय प्लाझ्मा हवेत पेटवला असेल तर पाण्यात नायट्रेट, नायट्राइट येतात आणि पीएच तीनपर्यंत उतरू शकतो. प्रत्यक्षातल्या सांडपाण्यात मीठ, कार्बोनेट आणि स्टार्च असतात, आणि ते मूलके रंगाच्या आधी गिळून टाकतात. पंचगंगेच्या काठी राहणाऱ्या माणसाला प्रयोगशाळेतल्या पेल्याचा उपयोग व्हायचा असेल तर प्रयोग खऱ्या पाण्यावर व्हायला हवेत. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत अनिरुद्ध पंडित आणि पराग गोगटे यांनी कॅव्हिटेशनवर जे काम केले, त्यात ऊर्जेच्या हिशोबाची आणि मोठ्या प्रमाणावर नेण्याची शिस्त आहे. बुडबुड्यातून मूलके मिळवण्याचे ते सख्खे शेजारशास्त्र. प्लाझ्मावाल्यांनी त्यांच्याकडून शिकावे.

नायट्रोजनचा प्रश्न मोठा आहे. हाबर-बॉश पद्धतीने जग वर्षाला सुमारे १८ कोटी टन अमोनिया बनवते. नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या कारखान्यात टनामागे दोन टनांच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड सुटतो. आपल्याकडे ट्रॉम्बे आणि अलिबागजवळच्या थळ इथली खते याच वाटेने येतात. आधुनिक कारखान्याला एक मोल अमोनियासाठी अर्धा मेगाज्यूल ऊर्जा लागते. प्लाझ्माचे प्रयोग या आकड्याच्या कित्येक पट वर आहेत. २०१९ मध्ये शंकरन यांच्या गटाने नायट्रोजन आणि पाणी यांपासून, उत्प्रेरकाशिवाय, प्लाझ्माच्या ऋणाग्राने अमोनिया बनवला आणि इलेक्ट्रॉनांचा जवळजवळ पूर्ण वापर झाल्याचे दाखवले. मात्र इलेक्ट्रॉन पूर्ण वापरला जाणे आणि ऊर्जा पूर्ण वापरली जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: प्लाझ्मात प्रत्येक इलेक्ट्रॉनामागे शेकडो व्होल्ट खर्च होतात. सिडनी विद्यापीठात पॅट्रिक कलन यांच्या गटाने वाट बदलली. आधी बुडबुड्यांतल्या प्लाझ्माने हवेपासून नायट्रोजनचे ऑक्साइड पाण्यात उतरवायचे आणि मग साध्या विद्युत उत्प्रेरकाने त्यांचे अमोनिया करायचे. कामाची अशी वाटणी मला शहाणपणाची वाटते. नायट्रोजनचा तिहेरी बंध तोडायला प्लाझ्मा, पुढच्या सौम्य कामाला इलेक्ट्रोड. हाबर-बॉशला यातून लगेच पर्याय मिळेल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. दूरच्या शेतावर, सौर पंपाच्या शेजारी, उन्हाच्या तासांत चालू-बंद होणारे छोटे यंत्र ही मात्र वेगळी गोष्ट आहे. वाहतूक आणि साठवण यांचा खर्च त्याच्या बाजूने उभा राहतो, आणि प्लाझ्मा क्षणात पेटतो, क्षणात विझतो.

हायड्रोजनसाठी शुद्ध पाण्यात प्लाझ्मा पेटवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साधे विद्युत अपघटन पन्नास-पंचावन्न युनिटांत एक किलो हायड्रोजन देते. प्लाझ्मा त्याच्या आसपासही नाही. अल्कोहोल किंवा टाकाऊ तेल फोडून हायड्रोजन आणि घन कार्बन एकत्र मिळवणे हा निराळा, विचारात घेण्याजोगा प्रश्न आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडचे चित्र मध्ये कुठेतरी आहे. उष्मागतिकीच्या हिशोबाने पाण्यापासून एका युनिटात तीनशेहून अधिक ग्रॅम मिळू शकते. प्रयोगांतले आकडे ग्रॅमाच्या अंशापासून काही दहा ग्रॅमांपर्यंत पसरले आहेत. हा पसारा पाहिला की यंत्ररचनेवर किती अवलंबून आहे ते कळते. पाण्याचे बारीक तुषार डिस्चार्जमधून नेले, म्हणजे तयार झालेले पेरॉक्साइड लगेच थेंबात लपून पुन्हा फुटण्यापासून वाचते आणि आकडे सुधारतात. नॅनोकणांच्या बाबतीत मात्र तंत्र तयार आहे. क्षपणक किंवा स्थिरक न घालता स्वच्छ पृष्ठभागाचे सोने-चांदीचे कण मिळतात, आणि जिथे ग्रॅमची किंमत मोठी आहे तिथे युनिटांचा हिशोब मागे पडतो. प्लाझ्माने भारलेल्या पाण्यात बियाणे भिजवण्याचे प्रयोगही खूप होत आहेत. त्यांबद्दल पुस्तकात थोडेच आहे, कारण पेरॉक्साइड आणि नायट्रेट साधे मिसळून केलेल्या पाण्याशी तुलना नसलेले प्रयोग आम्ही बाजूला ठेवले.

हे सगळे आता का? पहिले कारण विजेचे: तिचा स्रोत बदलतो आहे. दुसरे कारण पल्स देणाऱ्या यंत्रांचे. एकेकाळी स्पार्क गॅप आणि भलेमोठे कपॅसिटर लागत. आता सिलिकॉन कार्बाइडचे स्विच टेबलावरच्या डब्यातून नॅनोसेकंदाच्या पल्स हजारोंच्या संख्येने देतात, आणि पल्स जितकी आखूड तितकी पाणी तापण्यात जाणारी वीज कमी. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हे ओढे आता एकमेकांची भाषा वाचू लागले आहेत. पेटर ब्रुगमन आणि क्रिस्तोफ लेस यांनी २००९ मध्ये आणि ब्रुगमन यांच्यासोबत अनेक देशांतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये लिहिलेल्या आढाव्यांनी भौतिकी, विद्युतरसायन आणि प्रारण-रसायन एका टेबलावर आणले. अँटवर्पमध्ये अॅनेमी बोगार्ट्स यांच्या गटाने संगणकी प्रतिरूपांतून ऊर्जा नेमकी कुठे गळते ते दाखवले.

पुस्तकाची मांडणी या गळतीभोवती आहे. उपयोगांची यादी देणारी पुस्तके इंग्रजीत पुष्कळ आहेत. इथे प्रत्येक अभिक्रियेला एकच प्रश्न वारंवार विचारला आहे: भिंतीवरच्या सॉकेटमधून निघालेल्या शंभर ज्यूलपैकी किती ज्यूल हव्या त्या बंधापर्यंत पोहोचले, आणि उरलेले कुठे गेले? म्हणून व्होल्टेज आणि प्रवाह कसे मोजायचे, पल्समधली ऊर्जा ऑसिलोस्कोपवरून कशी काढायची, पेरॉक्साइडच्या टायटॅनियम सल्फेट चाचणीत नायट्राइटचा अडथळा कसा टाळायचा, अशा गोष्टींना पुस्तकात मोठी जागा आहे. इलेक्ट्रोड स्वतः कसा झिजतो यावरही. टंगस्टनचे टोक झिजून त्याचे कण पाण्यात येतात. पोलादाच्या इलेक्ट्रोडमधून लोह सुटले की ते पेरॉक्साइडशी फेंटन अभिक्रिया करते, आणि श्रेय प्लाझ्माला जाते. परिभाषेबाबत हटवाद केलेला नाही. मराठी शब्द रुळलेला असेल तिथे तो घेतला. डिस्चार्ज, पल्स, इलेक्ट्रोड हे शब्द प्रयोगशाळेत बोलतात तसेच ठेवले.

वाचक कोण, याचा विचार करताना डोळ्यांपुढे एम.एस्सी.चा विद्यार्थी होता, एमआयडीसीतल्या सांडपाणी केंद्रावरचा रसायनतज्ज्ञ होता, आणि शहरापासून दूरच्या महाविद्यालयातले प्राध्यापक होते, ज्यांच्याकडे महागडे वर्णपटमापक नसते पण निऑन साइनचा ट्रान्सफॉर्मर, स्टार्च, पोटॅशियम आयोडाइड आणि चिकाटी असते. विषयाचा मोठा भाग एवढ्या सामग्रीत खरोखर तपासता येतो. सैद्धांतिक प्रकरणे अवघड वाटली तर पहिल्या वाचनात सोडावीत. मोजमापाचे प्रकरण मात्र सोडू नये.

एक विनंती अमोनियावर काम करणाऱ्यांना. हवेत, हातमोज्यांत, श्वासात, जुन्या नळ्यांत अमोनिया असतो, आणि प्रयोगातली मात्रा बहुधा त्याच पातळीची असते. २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कार्यपद्धतीने विद्युतरसायनात हे परखडपणे दाखवून दिले: अरगॉनवर कोरा प्रयोग आणि नायट्रोजन-१५ च्या समस्थानिकाने पडताळणी झाल्याशिवाय निष्कर्ष धरू नये. प्लाझ्मालाही हाच नियम लागू आहे. समस्थानिक परवडत नसेल तर निदान अरगॉनचा कोरा प्रयोग करा आणि त्याचा आकडा निबंधात छापा.

दुसरी सूचना सगळ्यांना. स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका भार शिल्लक असतो. पुस्तकातला कोणताही प्रयोग करण्यापूर्वी परिशिष्टातली अर्थिंगची कृती वाचा, प्रयोग कधीही एकट्याने करू नका आणि अर्थिंगची काठी लावल्याशिवाय इलेक्ट्रोडला हात लावू नका.